थांबणारी डबी

१८ नोव्हेंबर

आज ठरवलं. पप्पांना बोलतं करायचं, आणि त्यासाठी लागेल तो कोड मी लिहायचा. ठरवलं की लिहून ठेवलेलं बरं, नाहीतर मी दोन दिवसांनी दुसरंच काहीतरी ठरवते.

पप्पांना ऑक्टोबरात कंपनीतच अर्धांगवायूचा झटका आला. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत फिटर आहेत, मला कळतंय तेव्हापासून तिथंच. मशीनपाशी उभे होते, हातातलं काम खाली पडलं आणि ते वाकून उचलायला गेले ते उठलेच नाहीत. आता उजवा हात कमजोर आहे, वॉकर धरून चालतात. बोलणं मात्र गेलं. डॉक्टर म्हणाले, त्यांना सगळं कळतं, बुद्धीला काही झालेलं नाही, फक्त हवा तो शब्द तोंडात येत नाही. रोज सराव केला तर येईल. किती येईल ते सांगता येत नाही.

पल्लवी मॅडम आठवड्यातून दोनदा येतात, स्पीच थेरपिस्ट आहेत. बाकीचे दिवस सराव कोण घेणार? मम्मी सकाळीच अंगणवाडीत जाते. माझं काम घरूनच असलं तरी दिवसभर मीटिंगा. काल भाजी गरम करताना फ्रिजवरच्या स्पीकरकडे लक्ष गेलं. ऑफिसच्या दिवाळी सोडतीत मिळालेला, मम्मी त्याला ‘बोलती डबी’ म्हणते. ही डबी कंटाळत नाही. हिलाच शिकवू.

२१ नोव्हेंबर

पहिलं फंक्शन चाललं!

मम्मीला समजावून सांगायचा प्रयत्न केला. डबी ऐकते, ऐकलेलं इंटरनेटवर पाठवते, तिथं मी पायथनमध्ये लिहिलेलं एक फंक्शन असतं. त्याचा सर्व्हर आपला नसतो, आपण तो बघायचासुद्धा नसतो. हाक आली की फंक्शन जागं होतं, काय विचारलंय ते बघून उत्तर देतं आणि परत झोपतं.

“म्हणजे तुझ्यासारखंच,” मम्मी म्हणाली. “हाक मारल्याशिवाय उठायचं नाय.”

डबीला हिंदी येतं, मराठी नीट येत नाही ही खरी अडचण. मग असं केलं की बोलायचं ते मीच माझ्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवलं, डबी नुसती ते वाजवते. आणि ऐकायचे शब्द यादीत तिच्या हिंदी कानाला ऐकू येतील तसे घातले. पप्पांसमोर चित्रांची कार्डं. डबी म्हणते, “पहिल्या चित्रात काय आहे?” पप्पांनी सांगायचं, पाणी. बरोबर आलं तर “शाब्बास पप्पा!” नाही आलं तर “परत एकदा.”

पाणी, चहा, पोळी, डोकं, पाय, बाथरूम. रोज लागणारे सोपे शब्द आधी.

पप्पांनी कार्डांकडे बघितलं, डबीकडे बघितलं, मग माझ्याकडे. काहीच बोलले नाहीत. पहिलाच दिवस होता.

२५ नोव्हेंबर

दुपारी पप्पा वॉकरपाशी उभे राहून मला खुणावत होते. “पा... पा...” मी पळत जाऊन पाणी आणलं. त्यांनी ग्लास हातात घेतला, बघितला आणि खिडकीत ठेवून दिला. बहुतेक तहान गेली असेल. पण ‘पा’ आलं हे काय कमी आहे? ‘पाणी’ शब्द यादीत सगळ्यात वर घेतला.

संध्याकाळी “च...” आलं. चहा दिला. तो मात्र प्यायले.

२ डिसेंबर

वाईट दिवस.

सकाळी डबी सुरू केली तर ती म्हणाली की उत्तर मिळालं नाही. पुन्हा तेच. पप्पा आंघोळ करून, केस विंचरून खुर्चीत बसलेले. मी घामाघूम. कारण फालतू होतं. फंक्शन रात्रभर झोपलेलं, जागं होऊन आवाजाच्या फाइली शोधेपर्यंत त्याला दिलेली वेळ संपायची. वेळ वाढवली, फाइली आधीच तयार ठेवल्या, झालं.

खरी अडचण त्यानंतर कळली. डबी प्रश्न विचारते आणि आठ सेकंद ऐकते. कुणी बोललं नाही तर एकदा आठवण करते, पुन्हा आठ सेकंद, मग बंद. हे माझ्या हातात नाही, डबी बनवणाऱ्यांनी ठरवलंय. पप्पांना एक शब्द आणायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. आज त्यांचे ओठ हलायला लागले, गळ्याची शीर ताणली, “प” दिसला आणि तेवढ्यात डबीचा दिवा विझला. त्यांनी विझलेल्या दिव्याकडे बघितलं. मी पटकन म्हटलं, “पाणी! पाणीच म्हणायचं होतं ना पप्पा?”

त्यांनी मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही. मी हो धरलं.

मयूरचा मेसेज आलाय, दोन दिवसांत एकही काम पुढे सरकलं नाही म्हणून. मयूर माझा टीम लीड. त्याला काय सांगू?

६ डिसेंबर

संध्याकाळी कॉलनीच्या विहारात अभिवादनाला गेलो. पप्पांना खुर्चीवर पुढे बसवलं. पूर्वी वंदना तेच घ्यायचे. आज सगळ्यांबरोबर पप्पा म्हणायला लागले. अडखळणं नाही, काही नाही, शेवटपर्यंत. मम्मीने माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली.

बाहेर आल्यावर शेजारच्या काकांनी हात धरला. “जय भीम झुंबर भाऊ! लय बरं वाटलं तुमचा आवाज ऐकून.” पप्पांनी तोंड उघडलं. जय भीम आलं. पुढे काकांचं नाव येईना. येईचना. मी सांगून टाकलं, “कोंडाजी काका, पप्पा. कोंडाजी.”

घरी येईपर्यंत ते गप्प होते. दमले असणार.

९ डिसेंबर

पल्लवी मॅडमना विचारलं, वंदना येते तर नाव का येत नाही? त्या म्हणाल्या, पाठ असलेलं आणि मनातलं या दोन वेगळ्या वाटा आहेत. पाठ असलेलं घरंगळत येतं. मनातलं शोधावं लागतं. मग मी डबीच्या आठ सेकंदांचं रडगाणं गायलं.

“तुझी डबीच अशी आहे असं नाही,” त्या हसून म्हणाल्या. “सगळ्यांनाच शांतता सहन होत नाही. पेशंटला शब्द पुरवायचा नसतो, वेळ पुरवायचा असतो.”

बरोबर आहे. लोक फार घाई करतात. कोंडाजी काका किती भराभर बोलले.

पण ‘वेळ पुरवायचा’ यावरून युक्ती सुचली. डबी बोलत असताना तिचं घड्याळ चालत नाही. मग तिला शांतताच बोलायला लावायची! प्रश्न, त्यानंतर मी रेकॉर्ड केलेली भरपूर मोठी शांतता, मग टण्ण असा आवाज, आणि त्यानंतर ऐकणं सुरू. आठवण करतानाही तसंच. पप्पांनी शब्द जुळवायचा तो त्या शांततेत, सोडायचा टण्ण झाल्यावर.

दुसरं म्हणजे फंक्शन झोपलं की सगळं विसरतं. आपण कुठल्या शब्दावर होतो, हेसुद्धा. ती आठवण बाहेर, क्लाउडवरच्या एका कोपऱ्यात ठेवली. आता डबी बंद पडली तरी परत सुरू केल्यावर पप्पांना पहिल्यापासून “नमस्कार” ऐकावा लागणार नाही. जिथं सोडलं तिथूनच.

११ डिसेंबर

टण्ण.

“चहा.”

“शाब्बास पप्पा!” डबी म्हणाली आणि डबीच्या पाठोपाठ मम्मी म्हणाली आणि मी पण म्हटलं. पप्पांना मात्र त्याचं एवढं काही वाटलेलं दिसलं नाही.

२० डिसेंबर

चहा, पोळी, पाय, डोकं येतंय. पाणी काही येत नाही. पाण्याचं कार्ड दाखवलं की पप्पा स्पष्ट म्हणतात, “पाना.” डबी म्हणते, परत एकदा. पप्पा म्हणतात, “पाना.” मी कार्डावरच्या ग्लासवर बोट ठेवून सांगितलं, “णी. पाणी.” त्यांनी कार्ड उचलून उलटं ठेवलं. “पाना!”

पल्लवी मॅडमना सांगितलं की शब्दांची अदलाबदल होतेय.

“अदलाबदल होतेय की पानाच हवाय?” त्यांनी विचारलं.

मी हसले. पण मम्मीने उठून पलंगाखालची पप्पांची टूलपेटी ओढली. पप्पांनी डाव्या हाताने त्यातला एक पाना काढला, वॉकर आडवा केला आणि मागच्या पायाचा नट आवळला. तो पाय डगमगत होता म्हणे. महिनाभर! माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, टूलपेटीतले शब्द घाल. घातले. टॅप, रीमर, पाना, पक्कड, गेज. डबी टॅपला टेप ऐकते आणि रीमरचं काय ऐकते ते तिलाच ठाऊक. यादीत प्रत्येकाचे चार चार उच्चार घालत बसले. पप्पा मात्र खुर्ची ओढून डबीच्या जवळ बसले. पहिल्यांदाच.

८ जानेवारी

कंपनीतून फोन आला. रजा संपत आलीय. फेब्रुवारीत पप्पांना घेऊन या, साहेब भेटतील. बोलता येत असेल, सूचना समजत असतील तर हलकं काम देता येईल, गेटवर बसायचं. नसेल तर प्रकृतीच्या कारणावरून निवृत्ती.

पप्पा शेजारीच बसले होते. फोन स्पीकरवर होता. ‘निवृत्ती’ हा शब्द त्यांनी ऐकला, आणि त्यांचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. मशीनला हात न लावता घरात बसलेले पप्पा मलाही कल्पनेत बघवत नाहीत. ते होऊ द्यायचं नाही. आता खेळ पुरे. एक महिना आहे आणि लक्ष्य ठरलंय. गेट.

टूलचे शब्द काढून टाकले. यादी जितकी लांब, तितकी डबी जास्त चुकते. त्यांच्या जागी घातलं, थांबा. नाव सांगा. पास दाखवा. गाडी नंबर. सकाळी सातला डबी आपोआप सुरू होईल, संध्याकाळी पुन्हा.

१९ जानेवारी

भांडण झालं. लिहायला लाज वाटतेय, पण लिहिते.

दहा दिवस पप्पा गेटचे शब्द म्हणतच नाहीत. डबी म्हणते, “पाहुणा आला. काय म्हणायचं?” शांतता. टण्ण. पप्पा भिंतीकडे बघतात. येत नाही म्हणावं तर परवा मम्मीने जिन्यातल्या कुत्र्यावर आरडाओरडा केला तेव्हा आतून पप्पांचं “थांबा” ऐकू आलं, चांगलं खणखणीत. म्हणजे येतंय आणि म्हणत नाहीयेत. आज सकाळी मी आवाज चढवला. “पप्पा, हे तुमच्यासाठी चाललंय! माझी नोकरी टांगणीला लागलीय यात.”

त्यांनी उठून, वॉकर न धरता, भिंतीला हात लावत जाऊन डबीची वायर काढली.

मी रडले. मम्मी चपात्या लाटत होती. म्हणाली, “त्यांना विचार की, त्यांना काय पाहिजे ते.”

“विचारून काय उपयोग? सांगता कुठं येतंय त्यांना?”

मम्मी चपाती करपेपर्यंत तव्याकडे बघत राहिली.

मला वाटतं त्यांची जिद्द संपत चाललीय. पल्लवी मॅडम म्हणाल्या होत्या, असं होतं. मग जिद्द मी ठेवायची. वायर परत लावली.

२८ जानेवारी

तह झाला. सकाळी गेटचे शब्द, संध्याकाळी टूलपेटी. गेटचे शब्द ते एकदाच म्हणतात, कोरड्या आवाजात, हजेरी दिल्यासारखे. संध्याकाळी मात्र तास तास. आज ‘मायक्रोमीटर’ आलं. तुकडे तुकडे करून, मधे पाणी पिऊन, पण पूर्ण आलं. डबीला समजलं नाही. मला समजलं, मम्मीला समजलं. गेटवर मायक्रोमीटर काय कामाचा, पण त्यांचा मूड चांगला राहतो ना, मग असू दे.

मयूरला आज सगळं सांगितलं. तो म्हणाला, “आधी बोलायचंस ना.” सकाळी नऊनंतर डबीला हात लावणार नाही असा शब्द दिलाय.

१२ फेब्रुवारी

सगळं जसं झालं तसं लिहिते, विसरायच्या आत.

पप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला. बटणं स्वतः लावली, रिक्षावाला खाली हॉर्न वाजवत होता तरी. कंपनीच्या गेटवर मी त्यांना केबिन दाखवली, “बघा, इथं बसायचंय. पंखा पण आहे.” त्यांनी तिकडे बघितलं नाही, आत शेडकडे बघत होते.

साहेब तरुण होते, वागायला चांगले. “या झुंबर भाऊ. कसं वाटतंय आता?” आणि पप्पा तोंड उघडतात तोवर माझ्याकडे वळून, “जेवण वगैरे व्यवस्थित? औषधं?”

मी सांगायला लागले तर पप्पांनी डावा हात वर केला. मला थांबवायला. मी थांबले. साहेबही थांबले. भिंतीवरचं घड्याळ किती मोठ्याने चालत होतं.

“ब...रं,” पप्पा म्हणाले. “बरं. आहे.”

“उत्तम! मग गेटवर बसाल ना? आरामाचं काम आहे, सावलीत.”

“नको.”

मी म्हटलं, “सर, त्यांना म्हणायचंय की—” पुन्हा तो हात.

आता जी शांतता झाली तिला टण्णचा शेवट नव्हता. पप्पांच्या कपाळावर घाम आला. साहेबांनी पेन उचललं, परत ठेवलं. मला शब्द माहीतच नव्हता, नाहीतर मी दिला असता.

“टूल,” पप्पा म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, “स्टोअर.”

साहेब खुर्चीत मागे रेलले. “टूल स्टोअर? अहो झुंबर भाऊ, तिथं दिवसभर बोलावं लागतं. लाइनवरची माणसं येऊन एकेक वस्तू मागणार, तुम्ही नाव घेऊन द्यायची, कुणाला नाही म्हणायचं, कुणाशी वाद घालायचा. तुम्हाला बोलायचाच तर त्रास आहे.”

पप्पांनी मान हलवली. आणि या वेळी अजिबात न अडखळता म्हणाले,

“म्हणून.”

साहेब हसायला लागले आणि मधेच थांबले. मग फोन उचलून कुणाला तरी म्हणाले, “धोंडीराम, स्टोअरला दुसरा माणूस मागत होतास ना?”

एप्रिल संपेपर्यंत करून बघायचं. नाही जमलं तर गेट आहेच.

रिक्षात मी चिडले होते. आनंदाने चिडले होते. “पप्पा, हे मला आधी का नाही सांगितलं? मी महिनाभर गेट गेट करत बसले!”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. गरवारे पॉइंट गेला, पुढचा सिग्नल पण गेला.

“सांगि...तलं,” ते म्हणाले.

कधी? मी खूप आठवून बघितलं.

२ मार्च

पहिल्या दिवशी कामावरून आले ते इतके थकून की एक शब्द बोलले नाहीत. जेवले आणि झोपले. मम्मी घाबरली. सकाळी आम्ही उठायच्या आत बूट घालून तयार.

आज शनिवार. जेवताना त्यांनी आम्हाला एक गोष्ट सांगितली. एक सुपरवायझर मायक्रोमीटर सही न करता न्यायला बघत होता. “लवकर द्या काका, घाई आहे.” पप्पा त्याला काय म्हणाले ते सांगायला त्यांना निम्मं जेवण लागलं. आमटी थंड झाली. मम्मीने गरम करायला उठायचं मनात आणलं आणि बसून राहिली. शेवटी आलं.

“म्हटलं... मला... नाही... घाई.”

मम्मीला इतकं हसू आलं की ठसका लागला.

९ मार्च

पल्लवी मॅडमनी विचारलं, हेच अजून एका पेशंटसाठी करून देशील? अक्काबाई म्हणून आहेत, पेठकडच्या. पंचवटीत भाजी विकायच्या. आता पोरीकडे, नदीच्या पलीकडच्या गल्लीत असतात. त्यांना पप्पांसारखाच झटका आलाय.

मी कोड तसाच ठेवला, शब्दांची यादी नवीन उघडली आणि त्यात काहीही न भरता आज त्यांच्याकडे गेले. बाई दारातच बसल्या होत्या. बोटांना अजून मेथी निवडल्याचा हिरवा रंग. मी खाली बसले. पायथनचं, डबीचं काही सांगितलं नाही.

“मावशी, तुम्हाला कुठला शब्द आधी पाहिजे?”

त्यांची मुलगी आतून म्हणाली, “तिला पाणी, संडास एवढं सांगता आलं तरी बास, ताई.”

बाईंनी मुलीकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. ओठ जुळले, सुटले. मुलगी बाहेर आली, काही म्हणणार होती, मी तिला बसायला जागा करून दिली. गल्लीतून एक हातगाडी गेली. समोरच्या ओट्यावरची ऊन-सावली थोडी सरकली. बाईंनी डोळे मिटले, उघडले. गुडघ्यावर मूठ आपटली.

“भाव,” त्या म्हणाल्या.

यादीत तो लिहिला. सध्या यादीत तो एकच शब्द आहे. उद्या परत जाणार आहे.